मामीचा मामा

मामीने सांगायला घेतलेली गोष्ट मामाने संपवायची, असा त्या घराचा शिरस्ता होता. मामी म्हणायची, "एकदा काय झालं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकटीच होते, आणि—" की मामा खुर्चीत पुढे सरकायचा. "आणि आगीचा फोन आला, आणि हिने तो अग्निशमनऐवजी बेकरीला जोडला!" एवढं बोलून तो स्वतःच खो खो हसायचा, मग पाहुणे हसायचे, आणि मामी चहाचे कप उचलायला उठायची. गोष्ट तिथे संपत नव्हती. खरं तर तिथे ती आत्ता कुठे सुरू होत होती. पण इतक्या वर्षांत बेकरीच्या पुढे जायची संधी तिला कोणी दिली नव्हती.

दोघांना मामा-मामी म्हणायची सुरुवात केली भाचीने, कारण ती खरोखरची भाची होती. शिक्षण संपवून ती मामाच्या कारखान्यात आली, दिवसभर "मामा, पक्कड दे", "मामी, चहा ठेवू?" असं ओरडत राहिली, आणि बघता बघता टपालवाल्यापासून खालच्या सायकल दुरुस्तीवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामा-मामी म्हणायला लागले. कारखाना हा आपला म्हणायला. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत भाचीचं सोल्डरिंगचं टेबल आणि मामाचा संगणक, मागच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टी आणि मामी.

तिथे पेट्या बनायच्या. लहान मुलांना यंत्राची भाषा शिकवणाऱ्या पेट्या. वर दिव्यांच्या आठ ओळी, पुढे दोन मोठी बटणं, बाजूला एक घंटी आणि आत एक चिप. आता चिपला काही आपली भाषा कळत नाही, तिला नुसते आकडे कळतात. माणसाने आकडे लिहीत बसायचं म्हणजे वेड लागायची वेळ. म्हणून मधे एक दुभाषा लागतो, त्याला असेंब्लर म्हणतात. तुम्ही साध्या शब्दात 'वाढव' लिहिलंत की तो त्याचा आकडा करून चिपच्या कानात सांगतो. या पेटीचा असेंब्लर मामाने एकट्याने लिहिला होता, आणि तोही आपल्या लिपीत, म्हणजे मुलांना परक्या भाषेशी झटापट करायला नको. त्या असेंब्लरचा मामाला जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या केसांचाही नव्हता, आणि केस होते तोवर तो त्यांनाही फार जपायचा.

चिपच्या पोटात आठ कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात, पण हजेरीच्या रजिस्टरशी त्यांचा काही संबंध नाही. एका कप्प्यात एका वेळी एकच आकडा राहतो, नवा आला की जुना गेला. कुठल्या कप्प्यात किती आहे ते पेटीवर दिसायचं, कप्प्याला एक याप्रमाणे दिव्यांची ओळ होती. कप्प्यांना नुसते क्रमांक होते, पण मामाने मुलांसाठी एक सोय केली होती. कप्प्याला आपल्या मनासारखं टोपणनाव ठेवायचं आणि मग त्याच नावाने त्याला हाक मारायची. मामा स्वतः मात्र क, ख, ग यांच्या पलीकडे कधी गेला नाही. नावं ठेवण्यात तो हुशार होता, पण ती माणसांना.

आणि लिहिण्यात तर त्याचा आनंदच होता. मागच्या खोलीतल्या फळीवर सुट्या सामानाचे डबे होते, त्यावर मामाच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या, आणि घाईघाईत लिहिलेल्या त्या चिठ्ठ्यांवर एकही काना-मात्रा नव्हती. काळ्या तारेच्या डब्यावर लिहिलं होतं 'कळ तर'. एकदा बटणं घेऊन आलेला माणूस ते वाचून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "काय कळलं तर?" मामी त्यावर अधूनमधून बोलायची. मामा म्हणायचा, "अगं, काना-मात्रा म्हणजे नुसते दागिने. माणूस अक्षराने ओळखू येतो." मामीला दागिन्यांचं वेड नव्हतं, पण वेलांटीवाचून वाक्याचं काय होतं ते तिला कळत होतं.

तर एका सोमवारी शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. पेट्या हव्यात, पण नुसत्या पेट्या नकोत. दर आठवड्याला वर्गावर येऊन शिकवणारं कोणीतरी हवं.

"मी आहेच," मामा म्हणाला.

"मी जाईन," मामी म्हणाली.

दोघं एकाच वेळी बोलले, म्हणून नेहमीप्रमाणे मामाचं ऐकू आलं. पण मामीने या वेळी कप उचलले नाहीत. ती फोनशेजारी उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "मी जाईन."

तिला ते मनापासून हवं होतं. एक्स्चेंजमध्ये होती तेव्हा अर्ध्या गावाने तिचा आवाज ऐकला होता. "जोडते" एवढं ती म्हणायची आणि माणसं गप्प बसून वाट पाहायची, मधे बोलायची कोणाची छाती नव्हती. मग एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, मामी घरी आली, घरून कारखान्यात आली, आणि तेव्हापासून तिचं बोलणं खोक्यांशी. चिकटपट्टी ओढताना होणाऱ्या आवाजावर तिचा जीव नव्हता. समोर बसलेली मुलं हवी होती, हात वर करणारी, प्रश्न विचारणारी.

"तुला जमेल का पण?" मामा म्हणाला. त्यात कुत्सितपणा नव्हता. पाऊस येईल का, असं विचारावं तसं त्याने विचारलं होतं, आणि तेच जास्त लागलं.

"पेटीबरोबरचं सगळं वाचून झालंय माझं. चार प्रोग्रामही करून पाहिलेत."

"माझे नमुने टाइप करणं म्हणजे प्रोग्राम करणं नव्हे." मामाने जरा विचार केला. "असं करू. शुक्रवारी बाई येणार आहेत. तोवर तू स्वतःच्या डोक्याने एक प्रोग्राम लिही. माझ्या नमुन्यातलं काही घ्यायचं नाही. बाईंसमोर तो बिनचूक चालला तर वर्गावर तू. नाही चालला तर मी. बोल."

"कबूल," मामी म्हणाली, आणि भाचीकडे वळली. "तू साक्षीला."

भाचीने सोल्डरिंगची सळई खाली ठेवून गंभीरपणे मान हलवली. घरचं भांडण फुकटात बघायला मिळणार म्हणून ती मनातून खूश होती.

मामीने खेळ लिहायला घेतला. दोन खेळाडू, दोन बटणं. डावं बटण दाबलं की एकाचा गुण वाढणार, उजवं दाबलं की दुसऱ्याचा. दहा गुण आधी करेल तो जिंकला. आता खेळाडूंच्या कप्प्यांना नावं काय द्यायची, याचा तिला फार विचार करावा लागला नाही. घरात रोज चालणारा सामना डोळ्यांसमोर होता. पहिल्या कप्प्याला तिने 'मामा' नाव ठेवलं, दुसऱ्याला 'मामी'. पुढे लिहिलं, डावं दाबलं तर 'वाढव मामा', उजवं दाबलं तर 'वाढव मामी'. मामा जिंकला तर एक लांब घंटी. मामी जिंकली तर दोन छोट्या, जरा नखऱ्याच्या.

मंगळवारी दुपारी पहिला सामना झाला. भाची पंच. मामीचा अंगठा एक्स्चेंजच्या खटक्यांवर तयार झालेला, ती उजवं बटण असं दाबत सुटली की टेबल हलायला लागलं. मामा आपला रमतगमत डावं दाबत होता. पहिल्या ओळीतले दिवे भराभर बदलत गेले, दुसरी ओळ काळीठिक्कर राहिली, आणि लांब घंटी वाजली.

"मामा जिंकला," भाची म्हणाली. तिच्या आवाजातही आश्चर्य होतं.

"हे कसं शक्य आहे?" मामी म्हणाली. "अहो, तुम्ही हात काढा बरं टेबलावरून."

मामाने दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि खुर्चीत रेलून बसला. मामीने पेटी बंद करून पुन्हा सुरू केली आणि एकटीने उजवं बटण दाबलं. एकदा, दोनदा, शेवटपर्यंत. पहिली ओळ वाढत गेली. दुसरीत एक दिवा लागेल तर शपथ. लांब घंटी.

"बघ," मामा छताकडे बघत म्हणाला. "मी हात न लावता जिंकतो. यंत्र खोटं बोलत नाही हो."

"तुमच्या असेंब्लरमध्येच काहीतरी खोट असेल."

हे ऐकून मामाचे हात डोक्यामागून खाली आले. "हे बघ. माझा असेंब्लर इतकी वर्षं चालतोय, आजवर एक तक्रार नाही. प्रोग्राम चालला नाही की नवशिका पहिलं बोट असेंब्लरकडे दाखवतो. तुझ्या ओळी तपास."

मामीने ओळी तपासल्या, आणि नशीब असं की त्यात एक चूक खरोखरच निघाली. खेळ सुरू करताना कप्पे रिकामे करायला ती विसरली होती, मागच्या डावाचे गुण तसेच राहायचे. मामाने ती चूक अशी साजरी केली की विचारू नका. खाली सायकलवाल्यालाही जाऊन सांगून आला. चूक दुरुस्त झाली, खेळ पुन्हा सुरू झाला, आणि मामा पुन्हा जिंकला.

बुधवारी भाचीला कीव आली. "मामी, नावं बदलून बघ ना. क आणि ख ठेव."

मामीने 'मामा'च्या जागी क ठेवला, 'मामी'च्या जागी ख. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. उजवं बटण दाबलं आणि दुसऱ्या ओळीत दिवा लागला. खेळ चोख चालला.

"झालं की मग!" मामा खांद्यावरून डोकावला. "पण थांब. क आणि ख माझे. नमुन्यातलं काही घ्यायचं नाही असं ठरलं होतं, काय गं भाचे? याचा अर्थ माझ्या पद्धतीने चाललं, तुझ्या पद्धतीने नाही. म्हणजे वर्गावर मी."

तो चेष्टेत बोलला होता. पण चेष्टेत बोललेलं मामा पुढे खरं करून दाखवतो, हे मामीला पुरतं ठाऊक होतं. शिवाय त्याने शाळेत जायचा चांगला शर्ट परवाच इस्त्री करून दाराला टांगला होता. मामीला रडू आलं नाही. तिला राग आला, चांगला सणसणीत राग आला. एवढा की त्या दिवशी तिने बांधलेली खोकी पुढे उघडताना लोकांना कात्री पुरली नसती.

गुरुवारी सकाळी मामा मागच्या खोलीत खोकी मोजत असताना ती पुढच्या खोलीत त्याच्या खुर्चीवर जाऊन बसली. क-ख चालतात आणि मामा-मामी चालत नाहीत, म्हणजे भानगड नावात आहे. नावात म्हणजे नक्की कशात? तिने सगळे नातेवाईक एकेक करून बोलावले. काका-काकू लिहिलं. काकूची ओळ अंधारात. दादा-दीदी लिहिलं. दीदी अंधारात. मामा-मावशी लिहिलं, तर दोघांच्या घरी दिवाबत्ती. आजी-आजोबा लिहिलं, तिथेही सगळं व्यवस्थित.

"नवरा-बायकोचं पटत नाही म्हणावं," भाची डोकं खाजवत म्हणाली, "तर आजी-आजोबाही नवरा-बायकोच की."

"त्यांचं वय झालं," मागच्या खोलीतून मामाचा आवाज आला. "भांडायची ताकद राहिली नाही. आणि काळी तार संपत आली का बघा कोणीतरी!"

मामी उठली. मागच्या खोलीत गेली, फळीवरून डबा काढला. आणि डबा हातात धरून तशीच उभी राहिली. डब्यावर लिहिलं होतं, 'कळ तर'.

कळलं.

ती डबा घेऊन तरातरा पुढच्या खोलीत आली आणि खालच्या आवाजात भाचीला म्हणाली, "मामीची वेलांटी काढ. मामाचे काने काढ. काय राहतं?"

भाचीने बोटाने टेबलावर लिहून पाहिलं. "मम. आणि मम."

"काका-काकू?"

"कक. कक. दादा-दीदी, दद आणि दद. अगं बाई! आणि आजी म्हणजे आज, आजोबा म्हणजे आजब. म्हणून त्यांचं जमतं!"

भाचीने मामाचा असेंब्लर उघडला. नाव वाचायचं काम जिथे होतं तिथे मामाने अक्षरांची ओळ दिली होती, अ पासून ज्ञ पर्यंत अगदी शाळेतल्या फळ्यासारखी. या ओळीत जे नसेल ते मोकळी जागा समजून सोडून द्यायचं. काना, मात्रा, वेलांटी, उकार त्या ओळीत नव्हतेच. दोन कप्प्यांची नावं सारखी झाली तर कुरकुर करायची, हेही असेंब्लरला शिकवलेलं नव्हतं. पहिला 'मम' सापडला की तो खूश होऊन शोध थांबवायचा, आणि तो पहिला 'मम' होता मामा. 'वाढव मामी' म्हटलं की वाढायचा मामा. मामीच्या कप्प्याच्या दारापर्यंत कोणी गेलंच नव्हतं.

"म्हणजे यानं मामीचा मामा बनवला," भाची म्हणाली. मग तिला आणखी सुचलं. "लोक 'ध'चा 'मा' करतात, आपल्या मामानं 'मी'चा 'मा' केला."

मामी हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना तिला वाटून गेलं की हे सगळंच पाणी काही हसण्याचं नाही. 'मी'चा 'मा'. मामाला हे मुद्दाम करायचं नव्हतं, हे तिला कळत होतं. त्याने फक्त अक्षरं ऐकायची सवय लावून घेतली होती, बाकीचं गाळून.

मामा पुढे आला तेव्हा तिने डबा त्याच्यासमोर ठेवला. "वाचा."

"काळी तार."

"लिहिलंय ते वाचा."

मामाने चष्मा वर केला. "कळ तर."

"आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे म्हणून तुम्ही काळी तार वाचता. त्या बिचाऱ्या चिपला कसं कळणार?"

भाचीने मम-ममची सगळी कथा सांगितली आणि पडद्यावरची ती ओळ दाखवली. मामाने ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्याचे कान लाल झाले. "पण आजवर कोणाची तक्रार आली नाही," तो म्हणाला.

"तुमचे नमुने बघून सगळे क आणि ख लिहितात. तक्रार कुठून येणार? आणि आली असती तरी तुमच्याकडे ती 'तकरर' होऊन आली असती."

भाचीला हसू आवरलं नाही. हे मात्र व्हायला नको होतं. मामाने डबा उचलून फळीवर ठेवला, चप्पल घातली आणि म्हणाला, "उद्या बाई येऊन जाऊ देत. मग बघू." आणि जिना उतरून गेला. संध्याकाळी घरी आला तो पेपर उघडून बसला, आणि एकच पान इतका वेळ वाचत होता की शेवटी ते त्याला पाठ झालं असेल असं मामीला वाटलं.

मामीला वाईट वाटलं. तिला वर्ग हवा होता, मामाची फजिती नको होती. परक्या बाईसमोर तर नकोच. सुटकेचा मार्ग सोपा होता. खेळात 'मामी' काढून 'मावशी' लिहिलं की काम होत होतं. नाव मामाच्या नमुन्यातलं नाही, म्हणजे शर्त मोडत नाही, खेळ चालतो आणि मामाची अब्रूही राहते. गुरुवारी निघण्याआधी तिने तसं लिहून ठेवलंही होतं. एकच गोष्ट मनाला लागून राहिली होती. त्या खेळात आता ती स्वतः कुठेच नव्हती.

शुक्रवारी ती उठली तेव्हा मामा घरात नव्हता. दाराला टांगलेला चांगला शर्टही नव्हता. मामीने काय समजायचं ते समजून घेतलं आणि एकटीच कारखान्यात गेली.

मुख्याध्यापिका बाई आधीच येऊन बसल्या होत्या. साध्याच होत्या, पण सगळं बघून घेणाऱ्या. मामा चांगल्या शर्टात त्यांना पेटी उघडून दाखवत होता. मामी संगणकासमोर गेली. पडद्यावर 'मावशी' नव्हती. 'मामा' आणि 'मामी' पुन्हा आपापल्या जागी आले होते.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी हे बदललं होतं."

"पाहिलं मी," मामा तिच्याकडे न बघता म्हणाला. "काढून टाकलं. तू लिहिलेलं तेच चालव."

मामीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते तोंड तिने पाठ केलं होतं, पण आज त्यावरून काही म्हणता काही कळेना. याने असेंब्लर सुधारला, की आपल्याला बाईंसमोर तोंडावर पाडायची सोय केली? भाचीकडे बघावं तर तिने खांदे उडवले. बाई हातातली पिशवी मांडीवर ठेवून वाट बघत होत्या. आता विचारायला वेळ नव्हता आणि मागे फिरायला जागा नव्हती.

"हा दोन जणांचा खेळ आहे," मामी म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बरा निघाला. "एक बटण यांचं, एक माझं."

मामाने डावं बटण दाबलं. पहिल्या ओळीत दिवा लागला. तो नेहमीच लागायचा.

मामीने अंगठा उजव्या बटणावर ठेवला. हा दिवा लागला नाही तर दर आठवड्याला मामा चांगला शर्ट घालून वर्गावर जाणार, आणि ती खोकी बांधणार, आणि त्यानंतर ती पुन्हा काही मागणार नाही, हेही तिला माहीत होतं. तिने बटण दाबलं.

दुसऱ्या ओळीत, उजव्या टोकाला, एक बारका लाल दिवा लागला.

मामीने तो बघितला आणि दुसऱ्यांदा बटण दाबायचं ती विसरलीच. "अगं, खेळ की!" मामा ओरडला. "मी पुढे जातोय!" मग मात्र अंगठा सुटला. मामा यावेळी रमतगमत खेळत नव्हता, जीव तोडून खेळत होता, त्याचा चांगला शर्ट काखेत भिजला, पण एक्स्चेंजच्या अंगठ्यापुढे त्याची डाळ शिजली नाही. दोन छोट्या घंट्या वाजल्या, जरा नखऱ्याच्या. त्या खोलीत मामीच्या नावाने त्या पहिल्यांदाच वाजल्या.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. मामाने रुमालाने मान पुसली. "बाई, एक सांगतो. कालपर्यंत हा खेळ चालत नव्हता, आणि चूक हिची नव्हती. माझ्या असेंब्लरची होती. नावातले काना-मात्रा तो खाऊन टाकायचा. इतकी वर्षं मी मामीचा मामा करत होतो, आणि मला पत्ता नव्हता. हिने शोधून काढलं. आज सकाळी येऊन दुरुस्त केलं मी." मग जरा अडखळून तो म्हणाला, "वर्गावर ही येईल. मी पेट्या उचलून आणून देईन."

"शर्ट मग कशाला घातलास?" भाचीने विचारलं.

"पेट्या उचलणाऱ्याने काय फाटका घालायचा?"

बाई हसल्या. चहा झाला, किती मुलं, कुठला वार, ते बोलणं झालं. निघता निघता बाईंनी मामीला विचारलं, "तुमचा आवाज फार छान आहे हो. आधी कुठे शिकवत होतात का?"

"नाही हो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी. एकदा काय झालं, मी एकटीच होते, आणि—"

मामी थांबली. तिला थांबायची सवयच होती तिथे. भाचीचा सोल्डरिंगचा हात थबकला. मामा खुर्चीत पुढे सरकला, त्याचं तोंड उघडलंही. मग त्याने ते मिटलं, टेबलावरची पेन्सिल उचलली आणि दातांत धरून ठेवली.

एवढी शांतता मामीला फार दिवसांनी मिळाली होती. पुढचं वाक्य सापडायला तिला क्षणभर शोधावं लागलं.

"आणि आगीचा फोन आला," ती म्हणाली. "अग्निशमनची लाइन काही केल्या लागेना. पण ज्या गल्लीत आग लागली होती ती मला माहीत होती. तिथे कोपऱ्यावर बेकरी होती. पहाटेची वेळ, बेकरीत माणसं जागी असणार, पाण्याची पिंपं भरलेली असणार. मी बेकरीला जोडलं. गाडी येईपर्यंत बेकरीवाल्यांनी आग विझवली होती हो. घरातली सगळी सुखरूप. आणि कुडकुडत उभी होती म्हणून त्या सगळ्यांना त्यांनी गरम गरम पाव दिले."

मामाने तोंडातली पेन्सिल काढली. "म्हणजे तू चुकून नव्हतं जोडलंस?"

"नाही."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की," मामी म्हणाली. "ते तुमच्या कप्प्यात जात होतं."

मामा हसला नाही. तो उठला आणि चहाचे कप उचलायला लागला.